कॉग्निटिव्ह रेडिओ, इंटरफिअरन्स आणि क्षमतेची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला असलेल्या विद्यार्थ्यांना हा विषय अवघड जातो. गणित कठीण असतंच, पण कोणत्या निकालामागे कोणतं गृहीतक आहे हे सहसा कुणी सुटं करून सांगत नाही, हे त्याहून मोठं कारण. खालच्या सगळ्या उत्तरांत एकच आग्रह आहे. सेकंडरी रेडिओ, म्हणजे दुसऱ्याच्या परवान्याच्या पट्ट्यात शिरू पाहणारा रेडिओ, किती डेटा पाठवू शकेल हे त्याच्या पॉवरपेक्षा त्याला काय माहीत आहे यावर ठरतं, आणि ती माहिती फुकट मिळत नाही. तो खर्च धरला नाही तर कागदावरचे आकडे फसवतात.

कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणजे नेमकं काय?

आसपास कोण कोणत्या वारंवारतेवर बोलतंय हे जाणून घेऊन स्वतःची वारंवारता, पॉवर आणि कोडिंग बदलणारा रेडिओ. हे नाव जोसेफ मिटोला यांनी रूढ केलं. जेरल्ड मॅग्वायर यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९९९ मध्ये आला आणि स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातला प्रबंध २००० मध्ये. मिटोलांच्या मनातला रेडिओ बराच हुशार होता, वापरणाऱ्याची गरज ओळखणारा. पुढे हा शब्द मुख्यतः स्पेक्ट्रम वाटून घेण्यापुरता उरला. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या स्पेक्ट्रम टास्क फोर्सने २००२ च्या अहवालात म्हटलं की, अनेक पट्ट्यांत स्पेक्ट्रमच्या टंचाईपेक्षा तो वापरायला मिळण्याची अडचण मोठी आहे. परवाना एकाकडे, पट्टा बराच वेळ मोकळा, आणि दुसऱ्याला मनाई.

परवानाधारकाला ‘प्रायमरी’ आणि त्याच पट्ट्यात शिरू पाहणाऱ्याला ‘सेकंडरी’ म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

क्षमता म्हणजे इंटरनेटचा स्पीड का?

नाही. स्पीड म्हणजे आज एखाद्या यंत्राला मिळणारा वेग. क्षमता म्हणजे कोणत्याही यंत्राला, कोणत्याही कोडिंगने, चुका हव्या तितक्या कमी ठेवून गाठता येणारी वरची मर्यादा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये ती सिद्ध केली. साध्या गॉसियन चॅनलची, म्हणजे ज्यात फक्त यादृच्छिक नॉइज मिसळतो अशा चॅनलची, क्षमता म्हणजे बँडविड्थ गुणिले लॉग (१ + एसएनआर), लॉगचा पाया २. एसएनआर म्हणजे सिग्नलची पॉवर नॉइजच्या किती पट आहे ते.

एक आकडा हाताशी ठेवा. टीव्हीचा ८ मेगाहर्ट्झचा चॅनल, सिग्नल नॉइजच्या १५ पट. लॉग १६ म्हणजे ४, म्हणून क्षमता सेकंदाला ३२ मेगाबिट. आता शेजारून नॉइजच्या ४ पट इंटरफिअरन्स आला आणि त्याला नॉइजमध्येच जमा केलं, तर १५ भागिले ५ म्हणजे ३, लॉग ४ म्हणजे २, आणि हाती राहतात १६ मेगाबिट. क्षमता अर्ध्यावर आली.

मग इंटरफिअरन्स म्हणजे जास्तीचा नॉइजच ना?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. नॉइजला रचना नसते. इंटरफिअरन्स हा कुणाचा तरी संदेश असतो, त्यालाही कोड असतो, आणि म्हणून तो उलगडता येतो.

आयडानो कार्लियाल यांनी १९७५ मध्ये दाखवलेला निकाल पहिल्यांदा वाचला की पटत नाही: इंटरफिअरन्स पुरेसा जबरदस्त असेल तर त्याने क्षमता अजिबात कमी होत नाही. वरचंच उदाहरण घ्या. स्वतःचा सिग्नल १५, नॉइज १, इंटरफिअरन्स करणाऱ्या समोरच्याचा दरही दर हर्ट्झमागे ४ बिट. इंटरफिअरन्स २४० असेल, तर रिसीव्हर आधी स्वतःच्याच सिग्नलला नॉइज मानून समोरच्याचा संदेश उलगडतो: २४० भागिले १६ म्हणजे १५, म्हणजे ४ बिट, बरोबर पुरले. तो संदेश वजा केला की मागे स्वच्छ चॅनल उरतो आणि स्वतःचे ४ बिटही पूर्ण मिळतात. खरी अडचण मधल्या ताकदीच्या इंटरफिअरन्सची आहे. उलगडायला तो कमी पडतो आणि दुर्लक्ष करायला जास्त होतो.

त्या मधल्या पट्ट्यासाठी १९८१ मध्ये हान आणि कोबायाशी यांनी संदेशाचे दोन भाग करण्याची युक्ती दिली: एक भाग दोन्ही रिसीव्हरना उलगडेल असा, दुसरा फक्त आपल्या रिसीव्हरपुरता. २००८ मध्ये एटकिन, त्से आणि वांग यांनी सिद्ध केलं की या युक्तीचा एक सोपा प्रकारही क्षमतेपासून प्रत्येकी एका बिटाहून जास्त दूर राहत नाही. नेमकी क्षमता मात्र साध्या दोन ट्रान्समीटर-रिसीव्हर जोड्यांच्या चॅनलसाठीसुद्धा सर्व परिस्थितींत ठाऊक नाही.

‘रेडिओला माहीत आहे’ म्हणजे काय काय माहीत असू शकतं?

अँड्रिया गोल्डस्मिथ, सय्यद जाफर, इव्हाना मारिच आणि सुधीर श्रीनिवास यांनी २००९ च्या लेखात केलेली विभागणी आता सगळीकडे वापरतात. प्रायमरी बोलतोय की गप्प आहे एवढंच माहीत असेल तर ती इंटरवीव्ह पद्धत. आपला आवाज प्रायमरीच्या रिसीव्हरपर्यंत किती जोरात पोचतो हे माहीत असेल तर अंडरले. प्रायमरी काय बोलणार आहे तेही माहीत असेल तर ओव्हरले. माहिती जितकी जास्त तितकी मर्यादा वर सरकते आणि ती माहिती मिळवणं तितकंच कठीण होतं.

इंटरवीव्हमध्ये अडचण काय? मोकळा चॅनल शोधायचा आणि बोलायचं.

मोकळा कुणाच्या जागेवरून? व्यत्यय होतो प्रायमरीच्या रिसीव्हरला आणि आपण ऐकतो त्याच्या ट्रान्समीटरला. मध्ये डोंगर किंवा इमारत असली की आपल्याला शांतता ऐकू येते आणि पलीकडच्या घरातला टीव्ही बिघडतो. म्हणून सेन्सिंगला, म्हणजे चॅनल ऐकून तपासण्याला, फार क्षीण सिग्नलही पकडावा लागतो.

किती क्षीण, ते बघा. एफसीसीच्या २०१० च्या नियमांत सेन्सिंगवरच अवलंबून असणाऱ्या उपकरणांनी डिजिटल टीव्हीचा उणे ११४ डीबीएमचा (डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) सिग्नल ओळखणं अपेक्षित होतं. अमेरिकेतला टीव्ही चॅनल ६ मेगाहर्ट्झचा. एवढ्या बँडविड्थमध्ये नुसता उष्णतेचा नॉइजच साधारण उणे १०६ डीबीएम असतो. म्हणजे सिग्नल नॉइजच्या ८ डेसिबल खाली, आणि रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज अजून धरलेलाच नाही.

जास्त वेळ ऐकलं तर जमेल असं वाटतं. पण बर्कलीच्या राहुल तांद्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखवलं की नॉइजची पातळी नेमकी ठाऊक नसेल तर एनर्जी डिटेक्टरसमोर, म्हणजे फक्त एकूण पॉवर मोजून ठरवणाऱ्या यंत्रासमोर, एक भिंत उभी राहते, तिला ‘एसएनआर वॉल’ म्हणतात. नॉइजच्या अंदाजात १ डेसिबलची अनिश्चितता असली तर भिंत सुमारे उणे ३.३ डेसिबलवर येते. त्याखालचा सिग्नल एनर्जी डिटेक्टरला कितीही वेळ ऐकून खात्रीने ओळखता येत नाही. उणे ८ तर फारच खाली. तिथे सिग्नलची एखादी ओळखीची खूणच शोधावी लागते, जसा अमेरिकन डिजिटल टीव्हीतला पायलट टोन, सिग्नलसोबत कायम जाणारा एक ठराविक सूर.

क्षमतेचा हिशोब जाफर आणि श्रीनिवास यांच्या २००७ च्या ‘दोन स्विच’च्या मॉडेलमध्ये चांगला कळतो. सेकंडरीच्या ट्रान्समीटरला चॅनल निम्मा वेळ मोकळा दिसतो, रिसीव्हरलाही निम्मा वेळ. पण दोघांच्या आसपासचे प्रायमरी वेगळे आणि स्वतंत्र असतील, तर दोन्हीकडे एकाच वेळी मोकळा वेळ फक्त पाव. मॉडेलमध्ये सेन्सिंग अगदी अचूक धरलं तरी हा तोटा राहतोच.

तुमच्या घरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफाय राउटरमध्ये याचा साधा प्रकार आहे. रडारच्या चॅनलवर जाण्याआधी त्याला साधारण ६० सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं. राउटर सुरू केल्यावर कधीकधी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क उशिरा दिसतं ते यामुळे.

अंडरलेत मर्यादा कशावर ठरते?

आपल्या ट्रान्समीटरच्या पॉवरवर नव्हे, तर प्रायमरीच्या रिसीव्हरपाशी पोचणाऱ्या पॉवरवर. घसेमी आणि सौझा यांनी २००७ मध्ये दाखवलं की अशी अट असताना फेडिंग, म्हणजे सिग्नलची ताकद क्षणाक्षणाला कमीजास्त होणं, सेकंडरीच्या पथ्यावर पडतं. प्रायमरीकडचा मार्ग ज्या क्षणी कमकुवत असतो त्या क्षणी जोरात बोलायचं. त्यासाठी तो मार्ग या क्षणाला कसा आहे हे माहीत हवं, आणि प्रायमरी ते सांगायला बांधील नसतो.

एफसीसीने २००३ मध्ये ‘इंटरफिअरन्स टेंपरेचर’ नावाची कल्पना मांडली होती: प्रत्येक ठिकाणी मिळून किती इंटरफिअरन्स चालेल याची एक पातळी ठरवायची. २००७ मध्ये ती सोडून देण्यात आली. माझ्या मते हे अपेक्षितच होतं, कारण रिसीव्हर कुठे आहे हेच ठाऊक नसताना रिसीव्हरपाशी मोजायची मर्यादा पाळणार कशी? अल्ट्रावाइडबँड (खूप रुंद पट्ट्यावर अगदी कमी पॉवरने बोलण्याची पद्धत) टिकलं, कारण तिथे मर्यादा ट्रान्समीटरवर घातली आहे: मेगाहर्ट्झमागे उणे ४१.३ डीबीएम, सगळ्यांना सारखी.

ओव्हरलेमध्ये प्रायमरीचा संदेश आधीच माहीत असतो म्हणतात. हे शक्य तरी आहे का?

नताशा देव्रॉय, पॅट्रिक मिट्रान आणि वाहिद तारोख यांनी २००६ मध्ये मांडलेलं मॉडेल असं: दोन ट्रान्समीटर, दोन रिसीव्हर, आणि सेकंडरी ट्रान्समीटरला प्रायमरीचा संपूर्ण संदेश आधीच ठाऊक. हे गृहीतक जड आहे, पण निरर्थक नाही. दोन्ही ट्रान्समीटर एकाच फायबरला जोडलेले असतील तर ते जवळजवळ खरं ठरतं. प्रायमरी पॅकेट पुन्हा पाठवत असेल आणि सेकंडरीने पहिली खेप ऐकली असेल तरीही. बाकी वेळी सेकंडरीला आधी ऐकून शिकावं लागतं, आणि त्याचा वेळ मोजावा लागतो. तो पुढच्या उदाहरणात मोजू.

माहीत असलेला इंटरफिअरन्स क्षमता कमी करत नाही, ते कसं?

ट्रान्समीटरला ठाऊक आहे, रिसीव्हरला नाही. पहिला विचार येतो तो उलटा सिग्नल पाठवून इंटरफिअरन्स पुसून टाकण्याचा. त्यात पॉवर वाया जाते. मॅक्स कोस्टा यांनी १९८३ मध्ये याहून चांगला मार्ग दाखवला, गेलफांड आणि पिन्स्कर यांच्या १९८० च्या निकालावर उभा असलेला. त्याला ‘डर्टी पेपर कोडिंग’ म्हणतात. डाग पडलेल्या कागदावर लिहायचंय आणि डाग कुठे आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. तो डाग खोडत बसत नाही, डागांना धरूनच अक्षरं निवडतो. एकाच संदेशासाठी अनेक कोडवर्ड राखून ठेवायचे आणि त्यातला जो इंटरफिअरन्सशी सर्वांत चांगला जुळतो तो पाठवायचा. निष्कर्ष नेमका आहे: गॉसियन चॅनलमध्ये क्षमता इंटरफिअरन्स नसताना असते तेवढीच, एक बिटही कमी नाही. इंटरफिअरन्स कितीही मोठा असो.

मग सेकंडरीला पूर्ण क्षमता मिळते का?

नाही, कारण प्रायमरीचं नुकसान होऊ द्यायचं नाही. हे आकड्यांतच बघावं.

प्रायमरीचा एसएनआर ९ धरा, म्हणजे दर हर्ट्झमागे ३.३२ बिट. सेकंडरीचा त्याच्या स्वतःच्या रिसीव्हरपाशी एसएनआर २५. प्रायमरीच्या रिसीव्हरपाशी सेकंडरीची पॉवर नॉइजच्या ४/९ इतकी पोचते. सेकंडरीने सगळी पॉवर स्वतःसाठी वापरली तर प्रायमरीचा एसएनआर ९ वरून ६.२३ वर येतो आणि दर ३.३२ वरून २.८५ बिटांवर. अंडरलेत असा थोडाफार तोटा कुणाला तरी सोसावाच लागतो.

ओव्हरलेत सेकंडरी आपल्या पॉवरचा एक भाग प्रायमरीचाच संदेश पाठवायला देतो. त्यासाठी ३६ टक्के पुरतात. प्रायमरीच्या रिसीव्हरपाशी अँप्लिट्यूडची बेरीज होते: प्रायमरीची ३, मदतीची २/३ गुणिले ०.६ म्हणजे ०.४, एकूण ३.४, वर्ग ११.५६. उरलेल्या ६४ टक्के पॉवरचा इंटरफिअरन्स ४/९ गुणिले ०.६४, नॉइज धरून १.२८४. भागाकार बरोबर ९. प्रायमरीला पत्ताही लागत नाही.

आता सेकंडरीकडे. स्वतःसाठी उरले २५ चे ६४ टक्के, म्हणजे १६. त्याच्या रिसीव्हरपाशी प्रायमरीचा इंटरफिअरन्स ४ इतका आहे असं धरू, आणि मदतीसाठी दिलेले ९ सुद्धा तिथे प्रायमरीच्याच संदेशासारखे पोचतात. दोघांच्या अँप्लिट्यूड जुळल्या तर २ अधिक ३, वर्ग २५. याला नॉइज मानलं तर १६ भागिले २६, दर जेमतेम ०.६९ बिट. आधी प्रायमरीचा संदेश उलगडून वजा करावा म्हटलं, तर २५ भागिले १७ एवढ्यावर १.३ बिट मिळतात आणि प्रायमरीचा दर ३.३२ आहे, म्हणजे तेही जमत नाही. डर्टी पेपर कोडिंगने मात्र लॉग १७, म्हणजे ४.०९ बिट. अँटेना तीच, पॉवर तीच. एका माहितीमुळे दर जवळजवळ सहापट.

पण माहितीची किंमत अजून दिलेली नाही. प्रायमरीच्या ट्रान्समीटरपासून सेकंडरीच्या ट्रान्समीटरपर्यंतचा एसएनआर २५५ असला, म्हणजे ८ बिटांचा उत्तम मार्ग असला, तरी ३.३२ बिटांचा संदेश शिकायला प्रत्येक ब्लॉकमधला सुमारे ४१ टक्के वेळ गप्प राहून ऐकावं लागतं. उरलेल्या वेळात त्याच पॉवरवर ४.०९ बिट, म्हणजे सरासरी २.४ च्या आसपास. पेपरमधला ४.०९ चा आकडा दाखवताना हा २.४ चा आकडाही शेजारी लिहायला हवा.

शिवाय मदतीच्या सिग्नलचा फेज, म्हणजे लहरींचा चढउतार, प्रायमरीच्या रिसीव्हरपाशी जुळायला हवा. जुळला नाही तर बेरजेऐवजी वजाबाकी होऊ शकते, आणि मग मदतच नुकसान करते.

सेकंडरी प्रायमरीच्या रिसीव्हरच्या जवळ असेल तर?

मदतीचा वाटा वाढतो. वरच्याच उदाहरणात सेकंडरीचा आवाज प्रायमरीच्या रिसीव्हरपाशीही २५ पटच पोचला, तर सुमारे ७९ टक्के पॉवर मदतीत जाते आणि सेकंडरीचा दर २.६ बिटांवर येतो.

हीच सीमा सिद्धांतातही महत्त्वाची. सेकंडरीचा आवाज प्रायमरीकडे स्वतःच्या रिसीव्हरपेक्षा कमी किंवा तेवढाच पोचत असेल, तर ही मदत अधिक डर्टी पेपरची युक्ती सर्वोत्तम आहे. त्याहून चांगलं काही असूच शकत नाही. हे वू, विश्वनाथ आणि अरापोस्टाथिस यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जोव्हिचिच आणि प्रमोद विश्वनाथ यांनी सिद्ध केलं. इंटरफिअरन्स खूप तीव्र असताना, काही अटी पाळल्या जात असतील तर, दोन्ही रिसीव्हरनी दोन्ही संदेश उलगडणं सर्वोत्तम. तो निकाल मारिच, येट्स आणि क्रेमर यांचा, २००७ चा. मधल्या भागातले काही तुकडे रिनी, तुनिनेत्ती आणि देव्रॉय यांनी सोडवले, आणि कुठल्याही परिस्थितीत एका बिटाच्या आत पोचणारी रचना २०१२ मध्ये दिली. नेमकी क्षमता मधल्या भागात पूर्णपणे अजून हाती नाही.

दोघांची पॉवर वाढवत नेली तर शेवटी दुप्पट डेटा जाईल ना?

जाणार नाही. पॉवर खूप मोठी झाल्यावर एकूण दर एका स्वच्छ चॅनलच्या वेगानेच वाढतो, दोनच्या नाही. कारण तीन ओळींत कळतं. प्रायमरीचा रिसीव्हर स्वतःचा, म्हणजे प्रायमरीचा, संदेश उलगडतो. तो कळला की प्रायमरीने काय पाठवलं ते कळतं आणि वजा करता येतं. मागे उरतो सेकंडरीचा सिग्नल आणि नॉइज. नॉइज नगण्य असला की त्यातून सेकंडरीचा संदेशही बाहेर येतो. म्हणजे दोन्ही संदेश एकाच रिसीव्हरच्या चॅनलमधून गेले, आणि एका चॅनलमध्ये मावतं तेवढंच मावणार. दोन्ही ट्रान्समीटरना दोन्ही संदेश माहीत असतील तरच ते मिळून दोन अँटेनांच्या एका ट्रान्समीटरसारखे वागू शकतात आणि वाढ दुप्पट होते. एकाच बाजूची हुशारी मध्यम पॉवरवर भरपूर देते, मोठ्या पॉवरवर नाही. ‘कॉग्निटिव्ह रेडिओने स्पेक्ट्रम दुप्पट होईल’ असं कुठे वाचलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कुणाला कुणाचा संदेश माहीत आहे?

प्रत्यक्षात यातलं काय वापरात आलं?

डर्टी पेपरवाली ओव्हरले पद्धत व्यवहारात फारशी उतरलेली नाही. चाललं ते डेटाबेसचं मॉडेल. एफसीसीने २०१० मध्ये टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यांसाठी, डेटाबेसला विचारून चालणाऱ्या उपकरणांवरची सेन्सिंगची सक्ती काढली. उपकरणाने आपलं ठिकाण सांगायचं, डेटाबेसने कोणते चॅनल वापरता येतील ते कळवायचं. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या अमेरिकन सीबीआरएस या वाटून वापरायच्या पट्ट्यात २०१९ पासून व्यावसायिक वापर सुरू झाला, तोही असाच. तिथे सेन्सर आहेत, पण ते फोनमध्ये बसवलेले नाहीत. किनाऱ्यावर नौदलाचं रडार ओळखण्यासाठी वेगळे लावलेले आहेत. ऐकण्याचं काम एकेका रेडिओकडून काढून घेतल्याने एसएनआर वॉलचा प्रश्न बराचसा टळला.

आपल्याकडचं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टीव्हीच्या पट्ट्याचा देशभराचा हिशोब केला, तेव्हा १२० पैकी सरासरी १०० मेगाहर्ट्झहून जास्त पट्टा मोकळा आढळला. मग खामलोली आणि आसपासच्या गावांत या पट्ट्यातून ब्रॉडबँड पोचवण्याची चाचणी झाली. या वारंवारता झाडीतून, चढउतारांवरून बऱ्यापैकी पुढे जातात, म्हणून फायबरच्या टोकापासून पाड्यापर्यंतच्या मधल्या टप्प्याला त्या सोयीच्या.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट बघावी. ज्या पट्ट्यात १२० पैकी १०० मोकळे आहेत तिथे ओव्हरलेची गरजच नाही. प्रायमरीच्या शेजारी बोलायला जागा आहे. वरचं सगळं गणित कामाला येतं ते मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या मोबाइल पट्ट्यांत, जिथे मोकळा चॅनल सापडतच नाही.

प्रकल्पासाठी कुठून सुरुवात करावी?

वरचं ३६ टक्क्यांचं उदाहरण हाताने सोडवा. प्रायमरीच्या एसएनआरला ‘प’ म्हणा, प्रायमरीच्या रिसीव्हरपाशी पोचणाऱ्या सेकंडरीच्या अँप्लिट्यूडला ‘ग’ आणि मदतीच्या वाट्याच्या वर्गमुळाला ‘क्ष’. समीकरण साधं द्विघात येतं: ग(प+१)क्ष² + २√प·क्ष − प·ग = ०. ‘प’ ९ आणि ‘ग’ २/३ ठेवून क्ष ०.६ येतो का ते पडताळा. मग फेजची चूक घाला, प्रत्येक चुकीला प्रायमरीचा दर किती घसरतो याचा आलेख काढा, आणि त्यानंतर शिकण्याचा वेळ. ओव्हरले कोणत्या एसएनआरपाशी अंडरलेच्याही मागे पडते हे त्या आलेखात स्वतः शोधा.